जुना रेल्वे डबा टिकवताना

डबे दुर्मीळ का झाले

वाफेच्या इंजिनांच्या तुलनेत जुने प्रवासी डबे जगात फार थोडे उरले आहेत. ब्रिटनमध्ये १९६८ साली मुख्य मार्गांवरची वाफेची इंजिने बंद झाली. वेल्समधील बॅरी येथे भंगारासाठी आलेल्या इंजिनांपैकी २१३ इंजिने पुढे हौशी मंडळांनी पैसे जमवून सोडवली. डब्यांच्या वाट्याला असा जिव्हाळा क्वचितच आला. निकालात काढलेला लाकडी डबा बहुतेकदा पेटवून दिला जाई, कारण लाकूड जळून गेले की उरलेले लोखंड आणि पितळ गोळा करणे सोपे पडे. सुरक्षिततेचा प्रश्नही होताच. २२ मे १९१५ रोजी स्कॉटलंडमध्ये क्विंटिन्सहिल येथे गाड्यांची टक्कर झाली, तेव्हा गॅसच्या दिव्यांच्या लाकडी डब्यांनी पेट घेतला आणि दोनशेहून अधिक माणसे दगावली. अशा अपघातांच्या अनुभवातून पोलादी डब्यांकडे कल वाढला आणि लाकडी डबे मुख्य मार्गांवरून क्रमाने हटत गेले.

जे उरले तेही निवडून उरले. नवी दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात प्रिन्स ऑफ वेल्सच्या भारतभेटीसाठी बांधलेला १८७५ चा सलून आहे, बडोद्याच्या गायकवाडांचा १८८६ चा आहे, म्हैसूरच्या महाराजांचा १८९९ चा आहे. त्या काळी देशातील बहुसंख्य प्रवासी तिसऱ्या वर्गाच्या फळीच्या बाकांवर बसून जात, आणि त्या वर्गाचे मूळ अवस्थेतील डबे मात्र सलूनांच्या मानाने शोधावे लागतात. जतनाची सुरुवात दुरुस्तीच्या फार आधी, काय ठेवायचे या निवडीपासून होते. तेथे झालेली चूक नंतर कोणत्याही कारागिराला सुधारता येत नाही.

डब्याची रचना

जुना प्रवासी डबा म्हणजे एकमेकांवर ठेवलेल्या तीन स्वतंत्र वस्तू. सर्वांत खाली चाके, आस आणि स्प्रिंगा. त्यांवर ओझे आणि ओढ पेलणारी अंडरफ्रेम. आणि तिच्यावर बोल्टांनी बसवलेली लाकडी काया. १ जून १९३० रोजी मुंबई–पुणे मार्गावर सुरू झालेल्या डेक्कन क्वीनमध्ये ही विभागणी स्पष्ट दिसते. सात-सात डब्यांचे तिचे दोन संच होते. अंडरफ्रेम इंग्लंडमध्ये बनल्या, तर काया ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेच्या माटुंगा वर्कशॉपमध्ये बांधल्या गेल्या. एक संच चंदेरी रंगाचा, त्यावर लाल पट्ट्या. दुसरा गडद निळा, त्यावर सोनेरी रेषा. १९६६ मध्ये त्यांच्या जागी पेरांबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या धर्तीचे डबे आले. या नव्या प्रकारात अंडरफ्रेम, भिंती आणि छप्पर मिळून एकच पोलादी कवच तयार होते आणि सारा भार त्या कवचात वाटला जातो.

जुन्या रचनेत तसे होत नाही. लाकूड हवेतील ओलाव्याप्रमाणे फुगते आणि आकसते, तेही मुख्यतः तंतूंच्या आडव्या दिशेने. खालचे लोखंड उष्णतेने लांबते, ओलाव्याने गंजते. दोन पदार्थांची चाल वेगळी असल्याने त्यांच्या सांध्यांवर सतत ताण येतो. अंडरफ्रेम मध्यभागी किंचित खचली तरी वरची काया वाकते, दारे चौकटीत अडकू लागतात आणि खिडक्यांच्या काचा तडकतात. वर दिसणाऱ्या दोषाचे मूळ अनेकदा खाली असते. म्हणून अनुभवी वर्कशॉपमध्ये रंगाला हात लावण्यापूर्वी डबा सपाटीवर आणून अंडरफ्रेमची मापे घेतली जातात.

चाकांतही लाकूड असे. रिचर्ड मॅन्सेल यांनी १८४८ मध्ये पेटंट घेतलेल्या चाकात पोलादी धाव आणि मधला तुंबा यांच्यामध्ये सागवानाचे पाचरीसारखे तुकडे घट्ट बसवलेले असत. त्यामुळे आवाज आणि हादरे कमी होत, आणि धाव तडकली तरी ती एकदम निसटत नसे. असे चाक पूर्णपणे सुकले की तुकडे सैल होतात. कोरड्या, तापलेल्या आवारात वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या डब्याचे चाक बाहेरून धडधाकट दिसते आणि आतून ढिले झालेले असते.

पाणी

लाकडी डब्याचे सर्वाधिक नुकसान पाण्याने होते, आणि ते वरून आत शिरते. पारंपरिक छप्पर खोबणीने जोडलेल्या फळ्यांचे असे. त्यावर सफेद्याचा, म्हणजे शिशाच्या पांढऱ्या रंगद्रव्याचा जवसाच्या तेलात घोटलेला जाड थर देऊन कॅनव्हास ताणून चिकटवला जाई आणि वर पुन्हा रंगाचे हात दिले जात. हे आवरण लवचीक असते तोवर फळ्यांची हालचाल ते सहन करते. तेल वाळून कडक झाले की कॅनव्हासला बारीक भेगा पडतात. पहिल्या पावसात आत काहीच दिसत नाही. पाणी फळीवरून सरकत कडेच्या लांब तुळईपर्यंत पोहोचते, तेथून खांबांच्या सांध्यांत उतरते आणि शेवटी भिंतीच्या तळाशी साचते. छतावर डाग उमटेपर्यंत खालचा सांधा कुजू लागलेला असू शकतो.

लाकडातील ओलावा साधारण वीस टक्क्यांच्या वर टिकला की ते कुजवणाऱ्या बुरशीला पोषक परिस्थिती मिळते. सागवानात नैसर्गिक तेल असल्याने ते बराच काळ तग धरते, वाळवीलाही सहजी बळी पडत नाही. ओकच्या लाकडात टॅनिन असते. त्यात बसवलेले लोखंडी स्क्रू ओलाव्यात काळे पडतात आणि भोवतीचे लाकूडही जळाल्यासारखे काळे, ठिसूळ होते. जेथे लाकडी सांगाड्यावर पोलादी पत्रे ठोकलेले आहेत तेथे आणखी एक प्रक्रिया चालते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो, त्यामुळे पत्रा आणि लाकूड यांच्यामधील गंज पत्र्याला बाहेर ढकलतो आणि खिळे उपटून काढतो. भारतीय डब्यांत हा गंज शौचालयाखालच्या जमिनीत आणि अंडरफ्रेमच्या कडेच्या तुळईत ठरलेलाच असतो. तपासणीची सुरुवात तेथूनच करणे शहाणपणाचे.

कोकण-मुंबईच्या हवेत पावसाळ्याचे चार महिने सापेक्ष आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या आसपास किंवा वर राहते. उन्हाळ्यात दिल्लीत ती फार खाली येते. लाकडाला स्थिर दमटपणापेक्षा हे चढउतार अधिक घातक ठरतात. वॉर्निशचे शत्रुत्व उन्हाशी असते. अतिनील किरणांनी वरचा थर ठिसूळ होतो, पट्ट्यांच्या कडांशी सुटतो आणि त्याखाली शिरलेले पाणी बाहेर पडत नाही.

या सगळ्यावरचा उपाय साधा आहे, पण निधी मागताना तो आकर्षक वाटत नाही: छप्पर असलेली शेड. दोन्ही बाजूंनी हवा खेळती ठेवणारी उंच शेड ऊन आणि पाऊस दोन्ही अडवते. चारही बाजूंनी बंद केलेली पत्र्याची शेड वायुवीजनाशिवाय बांधली तर दमटपणा आत कोंडते आणि काही वेळा उघड्यापेक्षा वाईट परिणाम करते. चकचकीत पुनर्स्थापना करून डबा पुन्हा मोकळ्या आकाशाखाली उभा करण्यात केलेला खर्च काही पावसाळ्यांतच वाहून जातो. रंग लावलेला डबा दाखवता येतो आणि कोरडा डबा दाखवता येत नाही, एवढ्यासाठी शेडचे काम मागे पडावे ही या क्षेत्रातील सर्वांत खेदाची गोष्ट आहे.

चाके, आस, ब्रेक

धातूच्या भागांत कुजणे नसते, पण थकवा असतो. प्रत्येक फेरीत आसावर उलटसुलट ताण येतो, आणि लाखो फेऱ्यांनंतर डोळ्यांना न दिसणारी चीर वाढू लागते. तिचा शोध अल्ट्रासॉनिक तपासणीने लागतो. दोष आढळल्यास आस बदलण्याला पर्याय नसतो. जुन्या बेअरिंगमध्ये व्हाइट मेटल नावाच्या मऊ मिश्रधातूचे अस्तर असते आणि तेलात भिजलेली गादी त्याला वंगण पुरवते. गादी सुकली की आसाचे टोक तापते, अस्तर वितळते आणि गाडी वाटेतच थांबते. असे अस्तर ओतणारे हात आता कमी झाले आहेत. ब्रेकचा प्रश्न वेगळा आहे. जुने डबे व्हॅक्युम ब्रेकवर चालत, आजच्या गाड्या दाबाच्या हवेवर. दोन्हींची जोडणी होत नसल्याने जुना डबा आधुनिक इंजिनामागे न्यायचा तर त्यात नवी यंत्रणा भरावी लागते.

अंतर्भाग

प्रवाशाला आठवतो तो डब्याचा आतला भाग, आणि तोच सर्वांत नाजूक असतो. गाद्यांत घोड्याचे केस, त्यावर लोकरी मखमलीचे जाड कापड, छतावर उठावाची नक्षी असलेले लिंक्रस्टा. फ्रेडरिक वॉल्टन यांनी १८७७ मध्ये काढलेला लिंक्रस्टा हा जवसाचे तेल आणि लाकडाचा भुसा यांच्या मिश्रणाचा पदार्थ. तो जुना झाला की कागदासारखा वाकत नाही, तुटतो. लोकरीला कसर लागते, खळीला बुरशी. चांदीचा मुलामा हवेतील गंधकाच्या संयुगांनी काळा पडतो आणि घासून उजळवण्याच्या प्रत्येक खेपेला तो थोडा पातळ होतो. राजघराण्यांच्या सलूनांत कधी हस्तिदंताची कारागिरी आढळते. वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे भारतात हस्तिदंताचा व्यापार बंद आहे, म्हणून तुटलेल्या जागी पर्यायी पदार्थ वापरून तो बदल नोंदवून ठेवणे एवढाच मार्ग राहतो.

प्रकाशयोजनेतून काळ कळतो. तेलाचे दिवे, मग दाबाने भरलेल्या खनिज तेलाच्या गॅसचे दिवे, मग आसावरच्या पट्ट्याने फिरणाऱ्या डायनॅमोची वीज, असे टप्पे एकाच डब्याच्या आयुष्यात येऊन गेलेले असतात. छतात बुजवलेले गोल भोक, भिंतीतून गेलेली निकामी नळी, स्विचच्या मागची जुनी तार हा सारा पुरावा आहे. आतील सफाईच्या उत्साहात तो सर्वांत आधी नाहीसा होतो.

विषारी पदार्थ

शंभर वर्षांपूर्वीचा रंग खरवडणे धोक्याचे काम आहे, कारण त्यात शिसे असते. कोरडे घासकाम करताना उडणारी धूळ श्वासातून शरीरात जाते आणि साचत राहते. म्हणून ओली घासणी, मास्क आणि धूळ खेचणारी यंत्रणा आवश्यक ठरते. याहून मोठा धोका ॲस्बेस्टॉसचा. १९५० आणि १९६० च्या दशकांतील अनेक ब्रिटिश मार्क १ डब्यांच्या पत्र्यामागे उष्णतारोधक म्हणून निळ्या ॲस्बेस्टॉसचा थर फवारलेला होता. तो काढण्यासाठी परवानाधारक कंत्राटदार आणि हवाबंद जागा लागते, आणि त्यासाठी डबा जवळजवळ सांगाड्यापर्यंत उघडावा लागतो. एकदा इतका उघडला की मूळ जोडणी जशीच्या तशी परत बसत नाही. माणसांचे आरोग्य आणि वस्तूची मूळ अवस्था यांत निवड करण्याची वेळ आली तर पहिल्यालाच प्राधान्य द्यावे लागते. तोडण्याआधी प्रत्येक जोडाचे छायाचित्र मात्र घेता येते.

कोणत्या वर्षाचा डबा

चित्र एकदा पूर्ण होते. डबा सेवेत असेपर्यंत बदलत राहतो. यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयातील राणी व्हिक्टोरियाचा सलून याचे बोलके उदाहरण आहे. १८६९ मध्ये लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेने वुल्व्हर्टन येथे सहा-सहा चाकांचे दोन स्वतंत्र सलून बांधले आणि त्यांना भात्यासारख्या लवचीक बोळाने जोडले. १८९५ मध्ये दोन्ही काया एकाच बारा चाकी अंडरफ्रेमवर एकत्र आणल्या गेल्या. हा डबा १८६९ चा मानायचा की १८९५ चा? पहिल्या अवस्थेत न्यायचा तर दुसरी नष्ट करावी लागेल, आणि दुसरीही राणीच्याच वापरातील असल्याने तितकीच खरी आहे. संग्रहालयात डबा एकत्रित रूपातच आहे, आणि तेच योग्य वाटते. पुनर्स्थापनेने वस्तूच्या आयुष्यातील एखादा अध्याय खोडून टाकू नये.

निर्णयासाठी पुरावा रंगाच्या थरांतून मिळतो. रंगाची अगदी लहान कपची काढून तिचा उभा छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की खालपासून वरपर्यंत लांबी, रंग आणि वॉर्निश यांचे थर क्रमाने दिसतात. जुन्या कार्यशाळांत एका डब्याला रंगाचे आणि वॉर्निशचे अनेक हात देऊन प्रत्येक हात प्युमिसच्या दगडाने घोटला जाई. त्यामुळे थरांची संख्या भरपूर असते आणि कंपनीने रंगसंगती केव्हा बदलली त्याचा माग लागतो. कृष्णधवल छायाचित्रांवरून रंग ठरवणे मात्र फसवे असते. त्या काळच्या फिल्मला निळा रंग फिका आणि लाल रंग गडद दिसत असे.

जतनाची तत्त्वे

वास्तूंच्या जतनासाठी १९६४ चा व्हेनिस जाहीरनामा मार्गदर्शक मानला जातो. चालत्या रेल्वे वारशाचे प्रश्न वेगळे असल्याने युरोपातील वारसा-रेल्वे संघटनेने २००५ मध्ये रीगा जाहीरनामा स्वीकारला. कमीत कमी हस्तक्षेप, शक्य तेथे उलट फिरवता येईल अशी दुरुस्ती, नवा भाग ओळखता येण्याची सोय आणि प्रत्येक कृतीची नोंद, हे अशा विचारातील मुख्य धागे. उदाहरणार्थ, किडीने पोखरलेल्या नक्षीत पॅरालॉइड बी-७२ हे ॲक्रिलिक राळेचे द्रावण मुरवता येते आणि पुढे ॲसिटोनने ते बऱ्याच प्रमाणात काढताही येते. इपॉक्सी अधिक मजबूत असते, पण एकदा बसले की निघत नाही. भार न पेलणाऱ्या नक्षीसाठी पहिले आणि भार पेलणाऱ्या खांबासाठी नवे लाकूड जोडणे, असा विवेक प्रत्यक्ष कामात उपयोगी पडतो.

मूळ किती उरले

पॅरिसच्या उत्तरेकडील कोंपिएन्यच्या जंगलात ११ नोव्हेंबर १९१८ रोजी ज्या डब्यात युद्धविराम झाला तो वॅगों-ली कंपनीचा २४१९ डी क्रमांकाचा डबा होता. जून १९४० मध्ये जर्मनी आणि फ्रान्स यांच्यातील युद्धविरामावर सही त्याच डब्यात घेतली गेली आणि नंतर तो बर्लिनला नेण्यात आला. युद्धाच्या अखेरीस १९४५ मध्ये तो जर्मनीतच नष्ट झाला. १९५० मध्ये त्याच मालिकेतील २४३९ डी हा डबा कोंपिएन्यला उभा करून त्याला २४१९ डी हा क्रमांक देण्यात आला. आज पाहुण्यांना दिसतो तो हाच. त्याचे लाकूड त्याच काळाचे, कारखाना तोच, आराखडा तोच. घटना मात्र त्यात घडलेली नाही. स्मारक म्हणून तो सार्थ आहे. पुरावा म्हणून त्याच्याकडे पाहता येत नाही, आणि प्रदर्शनात हा फरक सांगितलाच पाहिजे.

कमी नाट्यमय रूपात हा प्रश्न प्रत्येक वर्कशॉपमध्ये उभा राहतो. आधी छप्पर बदलले, मग कुजलेले खांब, मग अंडरफ्रेम, मग गाद्या. प्रत्येक टप्प्यावरची कारणे योग्य असतात, तरी शेवटी जुन्या क्रमांकाखाली जवळजवळ नवा डबा उभा असतो. यावर नेमकी टक्केवारी ठरवून उत्तर मिळत नाही. काढलेले तुकडे खूण करून जपले, नव्या लाकडावर आतल्या बाजूने वर्ष कोरले, तर पुढच्या अभ्यासकाला निदान वेगळे ओळखता येते.

जमिनीवर उतरलेले डबे

ब्रिटनमध्ये निकालात निघालेल्या डब्यांच्या काया चाकांवरून उतरवून घर, दुकान, कोंबड्यांचे खुराडे म्हणून विकल्या गेल्या, आणि त्यामुळेच त्यांतल्या काही वाचल्या. लंडनच्या मेट्रोपॉलिटन रेल्वेचा ३५३ क्रमांकाचा डबा शेफिल्डच्या क्रेव्हन्स कंपनीने १८९२ मध्ये बांधला. पुढे तो वेस्टन, क्लिव्हडन अँड पोर्टिसहेड या छोट्या रेल्वेला विकला गेला, आणि ती १९४० मध्ये बंद पडल्यावर त्याची काया जमिनीवर शिंप्याचे दुकान म्हणूनही वापरली गेली. १९७४ मध्ये ती लंडनच्या परिवहन संग्रहात आली. मेट्रोपॉलिटन या जगातील पहिल्या भुयारी रेल्वेला दीडशे वर्षे होत असताना वेल्समधील फेस्टिनियोग रेल्वेच्या बॉस्टन लॉज वर्कशॉपने डबा पुन्हा धावता केला आणि जानेवारी २०१३ मध्ये तो वाफेच्या इंजिनामागे मूळ बोगद्यांतून गेला.

अशा कायांना अंडरफ्रेम नसते. आयल ऑफ वाइट स्टीम रेल्वेने जुन्या पार्सल व्हॅनच्या अंडरफ्रेम वापरून चार चाकी डबे पुन्हा रुळांवर आणले. गाडी धावते, प्रवासी आनंदतात, आणि डब्याचा खालचा अर्धा भाग वेगळ्याच वाहनाचा असतो. काया जतन होत असेल तर ही तडजोड मान्य करण्याजोगी आहे. पार्सल व्हॅनही एके दिवशी दुर्मीळ होतील हे त्यात गृहीत धरले जात नाही.

डेव्हनमधील लिंटन अँड बार्नस्टेपल ही अरुंद मापाची रेल्वे १९३५ मध्ये बंद झाली. तिचा एक डबा सापडला त्या अवस्थेत यॉर्कच्या संग्रहात ठेवला गेला, तर दुसरा फेस्टिनियोगवर दुरुस्त होऊन प्रवासी नेऊ लागला. दोघे एकाच कारखान्यात जन्मलेले. पहिल्यावरून सांधे कसे होते ते कळते, दुसऱ्यावरून खिडकीशी बसल्यावर काय वाटे ते. एकाच प्रकारचे दोन डबे हाती असतील तर ही विभागणी सर्वांत निर्दोष आहे.

धावता डबा आणि उभा डबा

धावणारा डबा झिजतो, तरी त्याची नियमित देखभाल होते. उभा डबा झिजत नाही, पण विसरला जातो. स्प्रिंगा एकाच बाजूने दबून राहतात, वंगण घट्ट होते. प्रवासी नेणाऱ्या डब्याला आजचे नियम लागू होतात. ब्रिटनमधील १९९९ च्या रेल्वे सुरक्षा नियमांनी मार्क १ डब्यांवर आणि मध्यवर्ती कुलूप नसलेल्या बिजागरीच्या दारांवर मुख्य मार्गांवर निर्बंध आणले. वारसा गाड्यांना सवलती मिळवाव्या लागल्या. कमी वेगाच्या, स्वतंत्र मार्गांवर हा दाब कमी असतो. १९५१ पासून स्वयंसेवकांनी चालवलेली टॅलिलिन ही जगातील पहिली जतन केलेली रेल्वे त्यामुळेच टिकली. मोंटे कार्लोच्या लिलावात १९७७ मध्ये घेतलेल्या दोन डब्यांपासून सुरू होऊन १९८२ मध्ये धावू लागलेल्या व्हेनिस सिंप्लॉन-ओरिएंट एक्स्प्रेसने दुसरा मार्ग दाखवला: खूप महाग तिकीट आणि त्यातून सततची देखभाल.

भारतात या प्रश्नाला रुळांच्या मापाची जोड मिळते. २६ जानेवारी १९८२ रोजी राजस्थानात सुरू झालेल्या पॅलेस ऑन व्हील्समध्ये संस्थानिकांचे मूळ मीटर गेज सलून जोडलेले होते. देखभाल जड जाऊ लागल्यावर काही वर्षांतच त्यांची जागा नव्या डब्यांनी घेतली. पुढे १९९२ पासूनच्या एकसमान गेज धोरणाने मीटर आणि नॅरो गेजचे मार्ग एकामागून एक ब्रॉड गेज झाले. १८९७ मध्ये एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी सुरू केलेल्या अडीच फुटी बार्शी लाइट रेल्वेचा मार्गही त्यातच बदलला. डबा शाबूत असला तरी त्याच्या मापाचे रूळच उरले नाहीत तर तो कायमचा उभा राहतो. दोन फुटी नेरळ–माथेरान मार्ग १९०७ पासून त्याच मापावर आहे, म्हणून त्याचे मोल पर्यटनापुरते मानू नये. अरुंद मापाचे वाहन खऱ्या वळणांवर आणि खऱ्या चढावर कसे वागते हे पाहण्याची ती दुर्मीळ जागा आहे.

कारागीर आणि नोंदी

लाकडी काया बांधणारा सुतार घर बांधणाऱ्या सुताराहून वेगळा असे. डब्याची भिंत दोन दिशांनी वाकलेली, सांधे हादऱ्यांसाठी किंचित लवचीक आणि पट्ट्या पाणी बाहेर ढकलतील अशा कोनाच्या. माटुंगा आणि परळच्या वर्कशॉपमध्ये सुतार, रंगारी, गादीकाम करणारे, पितळकाम करणारे असे स्वतंत्र विभाग पिढ्यान्‌पिढ्या चालले. पोलादी डबे आल्यावर या हातांना काम उरले नाही. बॉस्टन लॉजसारख्या ठिकाणी कौशल्य टिकले याचे कारण तेथे काम थांबले नाही. वर्षाला एखादा लाकडी डबा बांधावा किंवा दुरुस्त करावा लागला तरच उमेदवार शिकतो. ग्रंथालयातील आराखडा किती जपला तरी पट्टी किती घट्ट ठोकायची ते त्यात लिहिलेले नसते.

तरी आराखडे हवेतच. वर्कशॉपमधील कापडावरचे मूळ नकाशे, दुरुस्तीच्या वह्या, निवृत्त कामगारांच्या ध्वनिमुद्रित आठवणी, आणि आता लेझर स्कॅनिंगने घेतलेली त्रिमितीय मापे, या सगळ्यांतून डब्याचे चरित्र तयार होते. डबा उघडण्यापूर्वीची नोंद सर्वांत मोलाची. एक दिवसाच्या छायाचित्रणासाठी काम थांबवण्याची मुभा फोरमनला असली पाहिजे.

पुढचे दुर्मीळ डबे

पेरांबूरच्या कारखान्यात १९५५ पासून बनू लागलेल्या जुन्या धर्तीच्या निळ्या, विटकरी डब्यांचे उत्पादन जानेवारी २०१८ मध्ये थांबले. डेक्कन क्वीनलाही जून २०२२ मध्ये एलएचबी या नव्या धर्तीचे डबे मिळाले. जुन्या धर्तीचे बरेच डबे मोटारी वाहून नेणाऱ्या मालडब्यांत बदलले जात आहेत, काही स्थानकांच्या आवारात उपाहारगृहे झाले आहेत. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर २०२१ मध्ये असे उपाहारगृह सुरू झाले. या बदलात बाके, खिडक्यांचे गज, वरच्या फळ्या आणि शौचालये प्रथम काढली जातात, म्हणजे सामान्य प्रवाशाच्या अनुभवाचा सारा पुरावा. दुसऱ्या वर्गाच्या साध्या डब्याचा एक तरी नमुना, बाकांवरच्या कोरलेल्या नावांसकट, काहीही न रंगवता छपराखाली ठेवण्यास आज फारसा खर्च नाही. असे डबे अजून हजारांनी आहेत, आणि सलूनांच्या काळी तिसऱ्या वर्गाचे डबेही हजारांनी होते.